डोंगरातला वाटाड्या वाळवंटात चालेल का?

पायवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी अकरा वर्षं उंच डोंगरांत गट घेऊन जाते. कातळ, बर्फ, हिमनदीवर दोराला बांधून चालणं, विरळ हवेत माणसं सांभाळणं, यात हात बसला आहे. आता एक संस्था वाळवंटातली आठ दिवसांची पायी मोहीम माझ्याकडे सोपवू पाहते आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "तुम्हाला नकाशा येतो, प्रथमोपचार येतात, माणसं सांभाळता येतात. जागा कुठली का असेना." ऐकायला बरं वाटलं, पण रात्री झोप लागली नाही.

डोंगरात मी सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढते आणि न ठरवता दहा गोष्टी दिसतात. धारेवरून उडणारा बर्फाचा धूर, कालच्या पावलांवर धरलेली कवची, रात्रीत फिरलेला वारा. वाळवंटात डोकं बाहेर काढल्यावर मला फक्त वाळू दिसेल, आणि भीती त्याचीच आहे.

वाटाड्याचं कौशल्य किती त्याचं स्वतःचं असतं आणि किती त्या भूभागाचं? डोंगर काढून घेतला तर माझ्या हातात नेमकं काय उरतं? नदी, समुद्र, जंगल, वाळवंट, बर्फाळ प्रदेश, जिथे कुठे काम केलं असेल तिथलं लिहा.

वाळूतला
ताई, प्रश्न पडला हेच चांगलं लक्षण आहे. मी सोळा वर्षं वाळवंटात चालतो, पण सुरुवात माझीही डोंगरातच झाली. तेव्हा तुमच्या कोणत्या सवयी इथे आड येतील ते सांगू शकतो.

पहिली म्हणजे मुक्कामाची जागा. डोंगरातला माणूस सपाट आणि आडोशाची जागा शोधतो. वाळवंटात अशी जागा बहुतेक वेळा कोरड्या नदीचं पात्र असते. डोक्यावर आभाळ निळंशार असतं आणि लांब कुठेतरी पाऊस पडलेला असतो. १२ ऑगस्ट १९९७ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनात अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत ११ पर्यटक वाहून गेले, तो पाऊस घळीवर नव्हे, वरच्या अंगाला पडला होता. म्हणून इथे फक्त आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, पाणी जिथून उतरून येतं त्या सगळ्या भागावरचं बघावं लागतं. वीज चमकली की ती कुठल्या दिशेला आणि आपली घळ कुठून सुरू होते, हे दोन्ही एकत्र डोक्यात यायला हवं.

दुसरी सवय पाण्याची. "भरपूर पाणी प्या" हे आपण डोंगरात दिवसभर सांगतो. माझ्या सुरुवातीच्या एका मोहिमेत तिसऱ्या दिवशी दुपारी गटातली एक बाई डोकं धरून बसली. मळमळ होती, बोलणं तुटक. ऊन लागलं समजून मी बाटली पुढे केली. सोबत त्या भागातले एक जुने वाटाडे होते. त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि तिची बोटं दाखवली. बोटं फुगली होती आणि अंगठी मांसात रुतली होती. सकाळपासून ती सारखी आडोशाला जात होती, ते मी बघूनही बघितलं नव्हतं. ती तहानलेली नव्हतीच. नुसतं साधं पाणी इतकं पोटात गेलं होतं की रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. पाणी थांबवलं, सावलीत बसवून खारट खायला दिलं आणि त्याच संध्याकाळी तिला गाडीनं दवाखान्यात पोचवलं. ती बरी झाली. मी मात्र तेव्हापासून रोज सकाळ-दुपार सगळ्यांचे हात बघतो.

तिसरं, वाळूचा उतार. टेकडीची वाऱ्याकडची बाजू दबलेली असते, तिच्यावर पाऊल टिकतं. पलीकडचा उतार साधारण ३३-३४ अंशांचा, वाळू जेवढी तोलून धरते तेवढाच. तिथून चढायला गेलात तर दोन पावलं वर आणि दीड खाली. टेकडीच्या धारेवरून चला. वाट लांब दिसते पण माणसं दमत नाहीत.

धुकं
वाचनखूण साठवली. लिहीत राहा.

हिमरेषा
पायवाट, अंगठीचं वाचून मला आपल्याकडचं आठवलं. रक्तातलं मीठ उतरलं की माणूस अडखळतो आणि असंबद्ध बोलतो, उंचीवर मेंदूला सूज आली की तसंच. दोन्हीकडे वाटाड्याला तोच चेहरा दिसतो, पण उपाय वेगळे. आपण अशा माणसाला सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला लावतो आणि तोल गेला की खाली उतरवतो. सपाट वाळवंटात खाली उतरवणार कुठे? म्हणून "प्रथमोपचार येतात" या वाक्यावर मी एवढ्यात विश्वास ठेवणार नाही. प्रथमोपचार कुठले, तर त्या जागी जे लागतात ते.

आणि डोंगर हा एक भूभागही नाही. कातळावर उत्तम चढणारे पण बर्फाच्या उतारापुढे अंदाज चुकणारे लोक मी पाहिले आहेत. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतं, म्हणजे जो उतार चालायला आणि घसरायला छान वाटतो नेमका तोच. कातळातल्या माणसाला तो सोपा दिसतो. पर्वतीय गाइडांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६५ पासून आहे, त्याच्या प्रशिक्षणात कातळ, बर्फ-हिम आणि स्की या तिन्हींची परीक्षा द्यावी लागते. एकाच डोंगरासाठी तीन, आणि त्यात वाळवंट नाहीच.

नदीकाठ
डोंगरातल्या सवयींबद्दल मला जरा जोरात बोलायचं आहे, कारण नदीत त्या माणसाचा जीव घेतात.

पाण्यात पडलेल्या माणसाला उभं राहावंसं वाटतं. जमिनीवर ते बरोबर आहे. वाहत्या पाण्यात पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की पाठीमागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवतं आणि डोकं खाली दाबून धरतं. पाणी कमरेइतकं असलं तरी माणूस बुडतो. म्हणून आम्ही शिकवतो: पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेनं आणि पाण्याच्या वर, उथळ संथ जागा येईपर्यंत उभं राहायचं नाही.

दोराचंही तसंच. डोंगरात दोराला बांधलेला माणूस सुरक्षित. नदी ओलांडताना गाठ मारून बांधलेला माणूस घसरला की दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. पट्टीचे गिर्यारोहक नदीकाठी आले की पहिलं काम कमरेला दोर बांधायचं करतात. मी दरवेळी धावत जाऊन सोडवतो. पाठपिशवीचा कमरपट्टाही आधी सोडायचा, म्हणजे वेळ आली तर पिशवी टाकून देता येते.

वाचायचं म्हणाल तर पाण्याची जीभ. दोन दगडांमधून गुळगुळीत पाण्याचं टोक खालच्या दिशेला निघालं असेल तर ती वाट आहे. टोक तुमच्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला असेल तर तिथे पाण्याखाली दगड बसला आहे. हे मी लिहून दाखवतो आहे, पण होडीत बसल्यावर ते बघायला दोन-तीन सेकंद मिळतात.

दमट
नदीकाठ सेकंदांबद्दल लिहितात, माझ्याकडे नेमकं उलट आहे. मी वर्षावनात काम करते. तिथे माणूस एकाएकी संकटात सापडत नाही, हळूहळू झिजतो.

दाट छत्राखाली जमिनीपर्यंत एक-दोन टक्केच उजेड पोचतो. दूरचं काही दिसत नाही, म्हणून डोंगरातल्यासारखं शिखर धरून चालता येत नाही. जीपीएस झाडांखाली कधी चालतो, कधी गोंधळतो. आम्ही पाण्याच्या उताराची दिशा, पावलं मोजणं आणि मागे वळून बघणं यावर चालतो. मागे वळून बघणं फार महत्त्वाचं, कारण परतताना तीच वाट उलटी असते आणि वेगळीच दिसते.

खरं काम संध्याकाळी असतं. मुक्कामाची जागा ठरवताना सगळे खाली बघतात, साप आहे का, मुंग्या आहेत का. मी आधी वर बघते. वाळलेलं झाड किंवा वर अडकलेली मेलेली फांदी दिसली की जागा सोडायची, वारा नसतानाही ती कोसळते. मग पाय. प्रत्येकाचे मोजे काढायला लावते आणि बॅटरीच्या उजेडात बोटांच्या बेचक्या बघते. त्वचा पांढरी आणि सुरकुतलेली असेल तर कोरडं करणं, पावडर, झोपताना कोरडे मोजे. सकाळी तेच ओले कपडे परत घालायचे, कोरडे घडी करून पिशवीत. पहिल्या दिवशी लोक यावरून माझ्यावर चिडतात. जे ऐकत नाहीत आणि कोरडे कपडे घालून निघतात त्यांच्याकडे तिसऱ्या दिवसापासून रात्रीसाठी कोरडं काहीच उरत नाही, आणि आठव्या दिवशी त्यांना चालता येत नाही.

विरोधी_पक्ष
सगळे भूभागावरच बोलताहेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो.

अपघात बहुतेक वेळा माहिती नसल्यामुळे होत नाहीत, माहिती असूनही होतात. अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन-अपघातांचा एक अभ्यास झाला होता, त्यात हेच दिसलं. परिचयाची जागा, एकदा ठरवलं म्हणजे जायचंच ही जिद्द, इतरांसमोर मागे कसं हटायचं हा संकोच, कुणीतरी आपल्याआधी पोचेल ही घाई. धोक्याच्या खुणा समोर होत्या, तरी माणसं गेली. हा मनाचा खेळ वाळवंटात, नदीत, समुद्रात सगळीकडे सारखाच. मग "नाही, आज परत फिरायचं" हे गटाला सांगता येणं हे वाटाड्याचं खरं कौशल्य नाही का? ते ताईंकडे आहे आणि ते कुठेही चालेल. संस्थेचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

नदीकाठ
@विरोधी_पक्ष, अर्धं मान्य. पण "नाही" म्हणायला आधी दिसायला हवं ना? ज्याला पाण्यातला दगड दिसतच नाही तो नाही कशाला म्हणणार?

भरती_ओहोटी
या वादात एक उदाहरण टाकतो, माझं फार आवडतं.

इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम उपसागर आहे. ओहोटीला तिथे सुमारे ३०० चौरस किलोमीटर वाळू उघडी पडते. पूर्वी लोक ती ओलांडूनच पलीकडे जात. १५४८ पासून ही वाळू ओलांडून देण्यासाठी राजघराण्याकडून वाटाड्या नेमला जातो, वर्षाला १५ पौंड मानधनावर. आजही नेमला जातो.

लक्षात घ्या, जागा तीच आणि नेमणूक एका माणसाची, आयुष्यभराची असू शकते. आणि तरीही त्याला वाट माहीत नसते! नद्यांची पात्रं वाळूत सतत सरकतात. काल कडक असलेली वाळू आज पाय गिळते. म्हणून तो गट नेण्याआधी स्वतः चालत जातो, काठीनं वाळू तपासतो आणि लॉरेलच्या फांद्या रोवत वाट आखतो. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. भरतीचं पाणीही सरळ समोरून येत नाही, बाजूच्या खोलगट पन्हळींतून पाठीमागे भरतं आणि माणूस कोरड्या जागेवर उभा असतानाच वेढला जातो. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिथे शिंपले वेचणारे किमान २१ मजूर असेच बुडाले. ते परमुलखातून आलेले होते, त्यांना ही वाळू सांगणारं सोबत कुणी नव्हतं.

विरोधी_पक्ष म्हणतात ते मन आणि नदीकाठ म्हणतात ती नजर, दोन्ही या फांद्या रोवण्यात आहेत. "मला माहीत आहे" असं न धरता दरवेळी जाऊन बघायचं.

ध्रुवतारा
बर्फाळ सपाट प्रदेशातलं थोडं लिहिते.

लोकांना वाटतं तिथे थंडीशी लढायचं असतं. रोजची लढाई घामाशी असते. चालताना घाम आला की थांबल्यावर तो अंगावर गोठतो. म्हणून माझं निम्मं काम लोकांना हळू चालवण्याचं आणि गरम वाटायच्या आधी एक थर काढायला लावण्याचं. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत.

आभाळ आणि जमीन एकसारखी पांढरी झाली की पायाखालचा चढ-उतारही कळत नाही. तेव्हा वाऱ्यानं कोरलेल्या बर्फाच्या कडक लाटा, ज्यांना सास्त्रुगी म्हणतात, त्या कामी येतात. सकाळी स्वच्छ दिसत असताना आपली दिशा त्यांना किती कोनात छेदते ते ठरवून ठेवायचं. मग दिसेनासं झालं तरी स्कीखाली त्या लाटा जाणवतात.

आणि चेहरे. जोड्या लावून दर थोड्या वेळानं एकमेकांचं नाक, गाल, कान बघायचे. नाण्याएवढा पांढुरका, मेणासारखा डाग दिसला की लगेच थांबून उघड्या तळव्यानं ऊब द्यायची, चोळायचं नाही. ज्याला तो होतो त्याला काहीच जाणवत नसतं. वाळूतला यांच्या अंगठीसारखंच हे.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वाल्बार्ड बेटांवर तर वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन सोबत असणं बंधनकारक आहे. मुक्कामात रात्रभर पाळीनं पहारा असतो. म्हणजे झोपेचा हिशेब हेही तिथल्या वाटाड्याचं कौशल्य.

धुकं
मी वाटाड्या नाही, नेहमी गटातला शेवटचा माणूस. माझा प्रश्न: "अजून किती वेळ?" विचारलं की जगातले सगळे वाटाडे "पंधरा मिनिटं" का सांगतात? हे कौशल्य तरी सगळ्या भूभागांत सारखं दिसतं :)

हिमरेषा
@धुकं, हाहा, हे मान्य. पण त्याचाही भूभागाशी संबंध आहे. डोंगरात १८९२ पासून नाइस्मिथचा ठोकताळा वापरतात: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. सैल वाळूत किंवा वर्षावनात हे गणित कोसळतं. दमट, तुमच्याकडे किती धरता?

दमट
वाट तोडत जायचं असेल तर तासाला एक किलोमीटरही होत नाही. आम्ही अंतर सांगतच नाही, "दुपारपर्यंत चालू, मग बघू" एवढंच. धुकं, तुम्हाला आमच्याकडे पंधरा मिनिटं कुणी सांगणार नाही.

माग
थोडं अवांतर, पण वाटाड्यांच्या धाग्यात हा वाटाड्या यायलाच हवा. आफ्रिकेत हनीगाइड नावाचा पक्षी माणसाला मधाच्या पोळ्याकडे नेतो. झाडावरून झाडावर बसत, ओरडत, माणूस मागे राहिला तर थांबत. माणूस पोळं फोडतो, पक्ष्याला मेण मिळतं. मोझांबिकमधले याओ लोक त्याला बोलवायला एक खास घुमारदार आवाज काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तो आवाज काढला की पोळं सापडण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते.

मी मोठ्या प्राण्यांच्या जंगलात लोकांना पायी नेतो. तिथे एकट्याच्या डोळ्यांवर भागत नाही, दुसऱ्यांचे डोळे वापरावे लागतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून एका दिशेला बघत खोकल्यासारखा आवाज काढतोय, चितळांनी माना वर केल्यात, सांबर पाय आपटतंय. वानर कधी कधी उगाच घाबरतं, सांबर सहसा नाही, हेही कळायला वर्षं जातात. वारा आपल्याकडून प्राण्याकडे असेल तर वाट बदलायची. पावलाच्या ठशाची कड अजून टोकदार आहे का, त्यावर रात्रीच्या किड्यांची रेघ गेली आहे का, यावरून वेळ कळते. ठशावर रेघ असेल तर प्राणी रात्रीच गेला. रेघेवर ठसा असेल तर गटाला तिथेच थांबवतो.

घटका
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मला यात एक गोष्ट दिसते, ती मांडतो.

प्रत्येक भूभागात चूक झाल्यापासून ती अंगावर येईपर्यंतचा वेळ वेगळा आहे. नदीत सेकंद. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला पहिली दहा-पंधरा मिनिटं, पुढे जगण्याची शक्यता झपाट्यानं घसरते. वाळवंटात अर्धा दिवस, सकाळी पाण्याचं चुकलं तर दुपारी कळतं. उंचीवर एक रात्र, आज फार वर झोपलो तर उद्या. वर्षावनात आठवडा.

वाटाड्याचं कौशल्य त्या वेळेच्या मापानं घडतं. सेकंदांच्या जागी ते हातात असतं, दोराची पिशवी न बघता फेकता यायला हवी. वेळ लांबत जातो तसं ते डोळ्यांत उतरतं, आणि आणखी लांबला की वहीत. कोण किती प्यायलं, कोण कुठल्या उंचीवर झोपलं, कुणाच्या पायाला काय झालं. भूभाग बदलणारा माणूस माहितीत कमी पडतोच, पण त्याचं आतलं घड्याळही जुन्या जागेचं असतं.

हिमरेषा
छान मांडलंत, पण डोंगरात ही सगळी घड्याळं एकाच वेळी चालतात. हिमनदीची भेग सेकंदात गिळते आणि उंची रात्रीतून पकडते. १८२० मध्ये आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर हिमस्खलनात तीन गाइड गेले, त्यानंतर १८२१ मध्ये पायथ्याच्या शामोनी गावातल्या गाइडांनी आपली संघटना बांधली. त्या तिघांचे अवशेष खालच्या हिमनदीतून बाहेर आले १८६१ मध्ये. हिमनदीचं घड्याळ चाळीस वर्षांचं.

भरती_ओहोटी
हे माहीत नव्हतं. वाचून काटा आला.

विरोधी_पक्ष
घटका, मी माझं मत थोडं बदलतो. परत फिरायचं धाडस कुठेही नेता येतं, पण ते कधी वापरायचं हे त्या जागेचं घड्याळ सांगतं. माझ्या मूळ प्रतिसादात "कधी" नव्हतं.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हा धागा उघडा ठेवून बसले होते.

आज संस्थेला फोन केला. मुख्य वाटाड्या म्हणून येणार नाही, त्या भागातला अनुभवी माणूस नेमा आणि मला त्याच्या हाताखाली घ्या, असं सांगितलं. सुरुवातीला त्यांना रुचलं नाही, माहितीपत्रकात माझं नाव छापून झालं होतं. मी नदीकाठ यांचं वाक्य ऐकवलं: ज्याला दगड दिसत नाही तो नाही कशाला म्हणणार. मग तयार झाले. वही सांभाळणं, रोज सकाळ-दुपार हात बघणं, गटाच्या शेवटी चालणं आणि दमलेल्यांशी बोलणं हे माझं काम. वाट आणि मुक्काम ठरवणं त्या अनुभवी वाटाड्याचं.

वाळूतला, एक शेवटचं विचारते. माझे बर्फातले गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायची आवरणं, वाळूत चालतील का?

वाळूतला
नका आणू ताई, आत पाय भाजून निघतील. पातळ सुती कापडाचे, बुटाच्या कडेला शिवून किंवा चिकटवून घेतलेले हवेत, नाहीतर वाळू खालून शिरते. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, दुपारी पाय सुजतात. आणि बोटातली अंगठी घरी ठेवून या.